पिठाच्या डब्यातले फोन

कॅनडाची सहा पोरं पंधरा दिवस आपल्याकडे राहणार म्हटल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, ती खाणार काय? ह्यांनी दुसरा विचारला, ती धर्मप्रसार करत हिंडणार असतील तर पोलिस चौकीच्या चकरा कोण मारणार? आमची उत्कर्षा वैतागली. "पापा, वो स्कूल की दीवारें पेंट करने आ रहे हैं. बस. और मम्मी, जो बनाओगी वो खा लेंगे."

उत्कर्षा म्हणजे आमची लेक. इथं लखनौबाहेर, बख्शी का तालाबच्या पुढे मूकबधिर मुलांची एक शाळा आहे, तिथं शिकवते. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून हिंदीच बाहेर पडते. मी कराडकडची, हे म्हणजे जयसिंग, तेही तिकडचेच. हवाई दलात वॉरंट ऑफिसर होते. शेवटची बदली इथल्या तळावर झाली आणि आम्ही इथंच घर बांधून राहिलो. वरच्या मजल्यावर तीन खोल्या रिकाम्या होत्या, त्या पोरांना दिल्या.

जानेवारीत आली ती. धुकं असं की गच्चीवरून रस्ता दिसत नव्हता, आणि ही पोरं अर्ध्या बाह्यांत. चर्चच्या कॉलेजातली मुलं, दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या देशात सेवेला जातात. पहाटे उठून प्रत्येक जण आपापलं बायबल आणि वही घेऊन गच्चीवर कोपरा धरायचा. त्याला ती 'शांत वेळ' म्हणायची. मग गोल करून गाणं. मग न्याहारी, आणि न्याहारीआधी पुन्हा प्रार्थना. माझे गरम पराठे गार होईपर्यंत देवाचे आभार चालायचे. मी तव्याशी उभी राहून मनात म्हणायची, बाबांनो, आधी खा, देव कुठं पळून जात नाही. हे मात्र खूश. "तळावर एवढी शिस्त नव्हती," म्हणायचे.

त्यांचा पुढारी नेथन, पंचविशीचा, सरळसोट पोरगा. आल्या दिवशीच त्यानं सहाही फोन गोळा केले, त्यात स्वतःचाही, आणि मला म्हणाला, "आंटी, हे तुमच्याजवळ ठेवा. रविवारी संध्याकाळी एक तास द्यायचे. आम्ही इथं इथल्या माणसांसाठी आलोय." मी कपाटातला पिठाचा जुना स्टीलचा डबा रिकामा केला आणि फोन त्यात ठेवून कुलूप लावलं. सगळ्यांच्या घरी अडीनडीसाठी माझा नंबर दिलेला होता. विजया आंटी, लखनौ. मला त्याचा जरा गर्वच वाटला होता, खोटं कशाला सांगू.

शाळेत रंगकाम करायला पाच जण जायचे. एक जण पाळीपाळीनं माझ्या हाताखाली घरी राहायचा. तीही सेवाच. बाकीच्यांची सेवा मला निस्तरावी लागायची. एकानं डाळीची फोडणी कोळसा केली, एकीनं माझी बिडाची कढई साबणानं घासून पांढरी केली. लीडिया तेवढी कामाची होती. एकोणीस वर्षांची, लांब हाडांची, नाकावर ठिपके. काम करता करता ती कायम एक चाल गुणगुणायची. तोंड मिटून, नाकातल्या नाकात. शाळेतली मुकी पोरं तिच्या गळ्यावर हात ठेवून बसायची म्हणे, गाणं हाताला लागतं म्हणून. उत्कर्षानं मला तसा एक फोटो दाखवला होता.

"कुठलं गाणं गं हे सारखं?" मी एकदा विचारलं.

"डॅड माउथ ऑर्गनवर वाजवतात," ती म्हणाली. "ते शाळेची बस चालवतात. सिग्नलला थांबले की वाजवतात. बसमधली पोरं ओरडतात, पुरे!"

वडिलांचं तिला फार होतं. शरद ऋतूत त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं. ही येणार नव्हती, पण त्यांनीच हट्टानं पाठवली. पहिल्या रविवारी फोन मिळाले तेव्हा तिचा तास मैत्रिणींशी बोलण्यातच गेला. मग फोन परत डब्यात ठेवताना तिनं तोंड वाकडं केलं. "डॅडशी दोनच मिनिटं बोलले. पुढच्या रविवारी आधी डॅड." मी म्हटलं, "बाई, बाप कुठं जातोय." असं म्हटलं मी. मला आजही आठवतं, कारण ते मी नेहमीच्याच हसऱ्या आवाजात म्हटलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात ती चौकच्या जुन्या बाजारात गेली आणि वडिलांसाठी चिकनच्या भरतकामाचा पांढरा कुर्ता घेऊन आली. सहा फुटांचा माणूस, दुकानदाराला माळ्यावर चढून मोठ्यातलं मोठं माप शोधावं लागलं. आल्या आल्या मला उलगडून दाखवला. "आंटी, बाह्या पुरतील ना?" मी काय सांगणार? मी तिच्या बापाला पाहिलं होतं थोडंच. पुरतील म्हटलं.

आता शनिवारचं सांगते.

त्या दिवशी लीडियाची घरी राहायची पाळी होती. रात्री निमोना करायचा होता, त्यासाठी पाच किलो वाटाणे आणले होते. इकडे हिरवे वाटाणे वाटून रस्सा करतात, पोरांना तो आवडला होता. ऊन जरा निघालं म्हणून ती व्हरांड्यात परात घेऊन सोलायला बसली. साडेचार वाजले असतील. माझा फोन वाजला. बाहेरचा नंबर. मी आतल्या खोलीत गेले.

"मी मार्था. लीडियाची आई." बाईचा आवाज अगदी सपाट होता, जणू कागदावरून वाचतेय. पीटरला रात्री दवाखान्यात आणलं, म्हणाली. हृदय थकलंय, डॉक्टरांनी सांगितलंय की आता फार वेळ नाही. "तो लीडियाची आठवण काढतोय. तिला फोन करायला सांगा. प्लीज, लगेच."

"हो, हो," मी म्हटलं. "ती बाहेरच आहे. मी बोलावते. तुम्ही काळजी करू नका."

फोन ठेवला आणि पलंगावर बसले. आणि मला कळलं, माणूस गेलाय.

कसं कळलं ते सांगायला हवं, कारण सगळं त्यातच आहे. आम्ही बरेलीला होतो तेव्हा कराडहून फोन आला होता, आबांची तब्येत जरा जास्त आहे, तुझी आठवण काढतायत, निघून ये. आबा म्हणजे माझे वडील. उत्कर्षा तेव्हा दोन वर्षांची. दोन दिवसांचा प्रवास केला मी. गाडीत हे मला जबरदस्तीनं खाऊ घालत होते, झोप म्हणत होते. मी आबांना काय काय सांगायचं ते मनात जुळवत होते. कराडला स्टँडवर काका न्यायला आले, आणि त्यांनी माझ्याकडे न बघता आधी पिशवी उचलली. तेव्हा समजलं. फोन आला त्याच्या आदल्या संध्याकाळीच आबा गेले होते. ह्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. आमच्यात असंच असतं. गेल्याची बातमी कोणी फोनवर तोंडावर सांगत नाही. आजारी आहेत, आठवण काढतायत, निघून ये, असंच सांगतात. मी आधी चिडले होते, महिनाभर ह्यांच्याशी धड बोलले नाही. पण पुढे वाटायला लागलं, बरंच झालं. ते दोन दिवस तरी माझ्या पोटात अन्न गेलं. नंतर मी स्वतः किती जणांना असं सांगितलं असेल. नणंदेला तिच्या दिराचं. शेजारच्या चंद्रप्रभा मिश्रांना त्यांच्या भावाचं. त्यांनी नंतर माझे हात धरून आभार मानले होते.

म्हणून त्या बाईनं 'तो आठवण काढतोय' म्हटलं, आणि मी माझ्या मनानं पुढचं वाचलं. एवढा सपाट आवाज, एवढं जपून बोलणं. मी तिला विचारलंसुद्धा नाही. एक प्रश्न विचारायचा होता फक्त.

हे मागच्या बाजूला फुलझाडांना पाणी घालत होते. मी जाऊन सांगितलं. "लीडियाचे वडील गेले."

हे नळ बंद करून उभे राहिले. "तिला माहीत आहे?"

"नाही. आईचा फोन होता, सिरियस आहे म्हणून सांगितलं. तसंच सांगणार ना."

ह्यांनी पटकन मान हलवली. त्यांनाही शंका आली नाही. "या धुक्यात आत्ता विमान कुठलं मिळणार. पोरीला जेवू दे नीट. झोपू दे. सकाळी सांगू."

"नेथनला?"

"तो सरळ तोंडावर सांगेल तिला. सकाळीच दोघांना सांग."

मी व्हरांड्यात आले. तिची परात अर्धी भरली होती. मला बघून तिनं विचारलं, "कोणाचा फोन?"

"आमच्या बहिणीचा," मी म्हटलं आणि तिच्या शेजारी बसून शेंगा सोलायला लागले. ती गुणगुणत होती.

पाचला फोन पुन्हा वाजला. तोच नंबर. आता रडारड सुरू झाली असणार, नातेवाईक जमले असणार, आणि या पोरीनं चुकून पलीकडचा हंबरडा ऐकला तर काय, असं मला वाटलं. मी फोन बंद केला, कपाट उघडलं आणि पिठाच्या डब्यात बाकीच्या सहा फोनांवर ठेवून दिला. कुलूप लावलं. आणि मला हलकं वाटलं. हो, हलकं वाटलं, कारण मी तिला एक रात्र देत होते.

त्या संध्याकाळी मी तिचे फार लाड केले. केसांना तेल लावून वेणी घातली. भातावर तूप जास्त वाढलं. तिचा तो कुर्ता घडीवर चुरगळला होता, तो बाहेर काढून पाणी शिंपडून इस्त्री केली, दोन्ही बाह्या, गळ्याची पट्टी, बारीक नक्षीवर उलट्या बाजूनं. ती बघत उभी होती. "आंटी, उद्या रविवार. फोनवर डॅडना हा दाखवते. आणि तुमच्याशी बोलायला लावते. त्यांना तुमचा तो निमोना सांगायचाय." माझे डोळे भरून आले. इस्त्रीची वाफ लागली म्हटलं.

जेवणाआधी ती पोरं हातात हात धरून बसली. ज्याला ज्यासाठी प्रार्थना हवी ते सांगायचं, अशी त्यांची रीत. कोणी आजीसाठी, कोणी परीक्षेसाठी मागितलं. लीडिया म्हणाली, "डॅडची पुढच्या आठवड्यात तपासणी आहे." सगळ्यांनी डोळे मिटले. मी तव्याशी उभी होते, आणि मलाही हात जोडावेसे वाटले. जोडले. गेलेल्या माणसासाठी म्हणून जोडले.

सकाळी सातला चहा घेऊन मी तिला खाली बोलावलं. नेथनलाही. हे दारात उभे. उत्कर्षा नुकतीच उठून आली होती, तिला काही माहीत नव्हतं. मी लीडियाचा हात हातात घेतला आणि, काय सांगू, त्याही वेळी मी आमच्याच पद्धतीनं सुरुवात केली. "तुझ्या डॅडची तब्येत बरी नाही गं."

ती घाबरली नाही. लगेच उठली. "फोन द्या माझा. मी बोलते त्यांच्याशी."

"लीडिया, आधी चहा घे."

"आंटी, फोन."

मी डबा आणला. कुलूप काढून तिचा फोन दिला. तिनं तो सुरू केला. एका मिनिटात तो तिच्या हातात थरथरायला लागला. एकामागून एक निरोप. ती वाचत गेली, आधी मनात, मग मोठ्यानं. तिला आपण मोठ्यानं वाचतोय हे कळत होतं की नाही कोण जाणे.

डॅडी तुझी वाट बघतोय. विजयाबाई तुला बोलवायला गेल्यात ना?

आम्ही फोन त्याच्या उशीशी ठेवलाय. बोलता येत नाही त्याला आता, पण ऐकू येतं. तू फक्त बोल.

अजून जागा आहे. फोनकडे बघतोय.

लीडिया, प्लीज.

शेवटचा निरोप आमच्या वेळेनं रात्री सव्वादहाचा होता. तो तिनं वाचला नाही. फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

मी माझा फोन सुरू केला. तेवीस मिस्ड कॉलचे निरोप आले.

"तुम्हाला आईचा फोन कधी आला?" तिनं विचारलं.

"काल. साडेचारला."

ती हिशेब करत असावी. ओठ हलत होते. "मी वाटाणे सोलत होते," ती म्हणाली.

नेथन खाली बसला आणि त्यानं तोंड हातात धरलं. उत्कर्षा माझ्याकडे बघत होती. "मम्मी," ती म्हणाली, "तुमने पूछा क्यों नहीं? पूछ तो लेतीं कि ज़िंदा हैं या नहीं!" ती रडत होती. आमच्यात विचारत नाहीत. विचारायचं नसतं, समजून घ्यायचं असतं. मी समजून घेतलं होतं. मी मोठी समजूतदार.

मी लीडियाला सगळं सांगितलं. आबांचं, बरेलीचं, गाडीचं. माझं इंग्रजी अशा वेळी कुठं पुरतंय, निम्मं उत्कर्षानं सांगितलं. लीडियानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ती ओरडली असती, तिनं तो चहाचा कप माझ्या अंगावर फेकला असता, तर मी तिचे पाय धरले असते. पण ती मुलगी म्हणाली, "तुम्ही चांगल्यासाठी केलंत, कळतंय मला. मला तुम्हाला माफ करायचंय, आंटी. आम्हाला तसं शिकवलंय. पण आज होत नाहीये माझ्याच्यानं."

"नको करूस," मी म्हटलं.

दुपारचं दिल्लीचं विमान मिळालं. विमानतळ सरोजिनी नगरच्या बाजूला, आमच्यापासून शहराचं दुसरं टोक. ह्यांनी गाडी काढली, नेथन तिच्याबरोबर दिल्लीपर्यंत जाणार होता. बॅग मी भरली. इस्त्री केलेला कुर्ता सगळ्यात वर ठेवला. मग काढला, तळाशी ठेवला. मग पुन्हा वर. तिनं ते बघितलं आणि कुर्ता माझ्या हातातून घेतला, बॅगेत न ठेवता मांडीवर घेऊन गाडीत बसली. मी तिच्या शेजारी बसले. पोरगी सारा रस्ता खिडकीतून बाहेर बघत होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ती गुणगुणत नव्हती.

विमानतळाच्या दारात तिनं मला मिठी मारली नाही. हात केला. माझ्याकडे बघून केला, तेवढं मी घरी घेऊन आले.

संध्याकाळी साडेपाचला माझा फोन वाजला. तोच नंबर. ह्यांनी हात पुढे केला, "मी बोलतो." मी दिला नाही.

"लीडिया निघाली का?" मार्थानं विचारलं. आवाज तसाच सपाट. आता मला कळलं, त्या बाईचा आवाजच तसा आहे. निघाली म्हटलं, दिल्लीहून रात्रीचं विमान आहे.

मग ती म्हणाली, "सकाळी ती फोनवर फक्त रडत होती, मी काही विचारलं नाही. पण मला एक सांगा. काल मी पीटरला म्हटलं होतं, ती येतेय, बाई तिला बोलवायला गेल्यात. तो वाट बघत राहिला. तुमच्याकडे फोन लागत नव्हता का? ती प्रयत्न करत होती का?"

उत्तर तयारच होतं. जिभेवर होतं. हो, धुक्यानं नेटवर्क गेलं होतं, ती रात्रभर प्रयत्न करत होती. किती सोपं होतं. तिचं दुःख हलकं झालं असतं, माझीही सुटका झाली असती. लीडियानंही कदाचित मला खोटं पाडलं नसतं. ह्यांनी समोरून मान हलवली, हो म्हण.

"नाही," मी म्हटलं. "मी तिला सांगितलंच नाही. मला वाटलं, तुमचा नवरा आधीच गेलाय. मी तिला सकाळी सांगायचं ठरवलं आणि फोन बंद करून ठेवला. नेटवर्क नीट होतं. ती माझ्या व्हरांड्यात होती. दहा पावलांवर."

मला वाटलं, ठेवला फोन. मग लांबून, पहिल्यांदाच जरा कापऱ्या आवाजात, तिनं विचारलं, "काय करत होती?"

"वाटाणे सोलत होती. आणि गाणं गुणगुणत होती. तिच्या वडिलांचं."

"कुठलं?"

मला नाव माहीत नव्हतं. शब्द तिनं कधी म्हटलेच नव्हते. मला फक्त चाल माहीत होती, पंधरा दिवस कानावर पडलेली. मी तोंड मिटून ती चाल गुणगुणले, व्हरांड्यातल्या रिकाम्या परातीकडे बघत. सूर कुठं चुकत होता, कुठं बसत होता. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं आणि थांबले.

"पुन्हा म्हणा," मार्था म्हणाली. "मी फोन तो बसायचा त्या खुर्चीजवळ नेते."